खड्ड्याची तहान

हत्तुरे साहेब उकिडवे बसले, अर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण त्यांनी स्वतःच्या हाताने बाजूला सारलं, आतली माती चिमटीत घेतली आणि चक्क तिचा वास घेतला.

मी आक्काकडे पाहिलं. आक्काने हसू लपवायला पदर तोंडाला लावला. समोरच्या ओट्यावर रंधा मारत बसलेला बजरंग सुतार काम थांबवून पाहायला लागला. विजेचा निरीक्षक माती हुंगतो हे आमच्या गावाला नवीन होतं.

"तोडकर," साहेब खाली बसूनच म्हणाले, "या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी घातलं?"

"साहेब, इथं माणसांना पाणी नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येतो."

"ते मी विचारलं नाही."

मग त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं, दोन लोखंडी खुंट्या स्वतःच अंगणात ठोकल्या, तारा जोडल्या आणि मूठ गरगरा फिरवली. काटा उजवीकडे पळाला.

"जमिनीचा विरोध अठ्ठेचाळीस ओहम," ते म्हणाले. "पाचाच्या आत पाहिजे."

त्यांनी माझ्याच पेनने अर्जावर 'नामंजूर' लिहिलं, पेन पुसून परत दिलं, आणलेल्या बाटलीतलं स्वतःचं पाणी घोटभर प्यायले आणि छत्री उघडून भर उन्हात एसटी स्टँडकडे चालू लागले. आक्काने केलेला चहा तसाच राहिला. निरीक्षक एसटीने आला, चहा न घेता गेला आणि जाताना एका विधवा बाईचं घर अंधारात ठेवून गेला. असल्या माणसाला काय म्हणायचं? मी त्या दिवशी जे म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली, माणदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावातली. मी वायरिंगचा परवानाधारक ठेकेदार होतो, पंधरा वर्षं मुरलेला. जिल्ह्यात कुठेतरी शॉक लागून माणसं दगावली होती आणि वरून फतवा निघाला होता की निरीक्षकाच्या शिक्क्याशिवाय नव्या घराला मीटर द्यायचा नाही. तेव्हापासून आमच्या नशिबी एकामागून एक साहेब येत होते. नियमांचं पुस्तक एकच, पण प्रत्येक साहेबाला त्यातलं एकच पान वाचता यायचं.

पहिले होते त्यांचा जीव बटणांच्या उंचीत अडकलेला. फूटपट्टी घेऊनच यायचे. बटण जमिनीपासून साडेचार फुटांवर असलं की घर सुरक्षित, मग तारा सुतळीने बांधलेल्या का असेनात. त्यांच्यानंतरच्या साहेबांना शॉक लागल्यावर काय करावं याचा तक्ता प्रत्येक घरात हवा असायचा, तोही काचेच्या चौकटीत. आमच्या गावात अजून दहा-बारा देवघरांशेजारी तो उताणा पडलेला माणूस टांगलेला आहे. शुक्रवारी बायका त्यालाही हळदकुंकू लावतात. तिसऱ्यांना खड्ड्याचं झाकण तांबडं पाहिजे होतं आणि वर पांढरा आकडा. झाकणाखाली काय आहे हे त्यांनी कधी पाहिलं नाही, आम्हीही कधी दाखवलं नाही.

आम्ही सगळ्यांना पुरून उरलो होतो. साहेब येणार त्याची तारीख आठ दिवस आधी कळायची. त्या दिवशी सकाळी खड्ड्यात दोन बादल्या मिठाचं पाणी ओतायचं, की काटा आपोआप पाचाच्या आत. याला आम्ही 'खड्ड्याला पाणी पाजणं' म्हणायचो. माझ्या उस्तादाने मला शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादाने. साहेब गेला की खड्डा पुन्हा कोरडा झाला तरी कोण विचारतो?

हा हत्तुरे मात्र न सांगता आला होता. सोलापूरकडचा, काटकुळा, भाकरी फडक्यात बांधून आणणारा. नाकाने कांदे सोलणारा माणूस मला मुळातच आवडत नाही, त्यातून हा चहा न घेणारा.

"आता रं?" तो गेल्यावर आक्का म्हणाली. "मंदा पंधरा दिसांत येतीया. नववा लागलाय तिला. या पत्र्याखाली बिगर पंख्याची कशी निजंल ती?"

आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर वीस वर्षं तिने सरकारी दवाखान्यात आया म्हणून काम केलं होतं. लोकांची शेकडो बाळंतपणं निस्तरली आणि निवृत्त होता होता दोन पत्र्याच्या खोल्या बांधल्या, कशासाठी तर एकुलत्या एका मुलीचं पहिलं बाळंतपण स्वतःच्या घरात व्हावं म्हणून. पत्र्याचं घर, वैशाख तोंडावर, आणि मीटर नाही.

"तू कशाला काळजी करतीस?" मी म्हणालो. "असले साहेब मी खिशात घालून फिरतो."

संध्याकाळी आम्ही सगळे ठेकेदार स्टँडसमोरच्या हॉटेलात जमलो. हत्तुरेने त्या आठवड्यात प्रत्येकाची एकदोन घरं नामंजूर केली होती. कुणी त्याच्या छत्रीची नक्कल केली, कुणी चहाच्या बशीत बोट बुडवून हुंगून दाखवलं. मग मी कागद मागवला आणि वरिष्ठांना अर्ज लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे. 'सदर अधिकारी नियमांचा मनमानी अर्थ लावून जनतेस नाहक त्रास देत असून त्यांची अन्यत्र बदली करण्यात यावी.' सगळ्यांनी वाहवा केली.

नूरभाई तांबोळी तेवढे गप्प होते. आमच्यात वयाने मोठे, कमी बोलणारे.

"मुरलीभाऊ, एक इचारू?" ते म्हणाले. "पाइप आपण कापतो, ते बी लिवायचं का अर्जात?"

हॉटेल हसून हसून लोळलं. आता हे पाइपाचं सांगायला हवं. अर्थिंगसाठी जमिनीत आठ फुटांचा लोखंडी पाइप उभा पुरायचा असतो, भोवती मीठ आणि कोळसा, आणि तिथली माती कायम ओली. म्हणजे एखाद्या यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जाते, आणि जाताना फ्यूज उडवून जाते. पण आमची जमीन मुरमाची. चार फुटांखाली कुदळ टणकन वाजते. तिथे शहाण्या माणसाने डोकं आपटू नये. आम्ही एक पाइप आणायचो, मधोमध कापायचो आणि दोन घरं उरकायचो. आक्काच्या घरचा उरलेला अर्धा समोर बजरंग सुताराच्या खड्ड्यात होता.

नूरभाईंनीही शेवटी सही केली.

दुसऱ्या दिवशी मी जिल्ह्याला जाऊन पुन्हा तपासणीची तारीख मागितली. हत्तुरे फायलीत डोकं घालून बसले होते. मी मंदाचं सांगितलं, नववा महिना, पत्र्याचं घर, सगळं. त्यांनी डोकं वर केलं.

"सोमवारी येतो," ते म्हणाले. "या वेळी सांगून येतो."

मला वाटलं, वाकला. एसटीत खिडकीशी बसून मी गावापर्यंत शीळ घालत आलो.

आक्काने टँकरपुढे भांडून एक बॅरल भरून ठेवलं होतं. रविवारी संध्याकाळी अर्धं आणि सोमवारी सकाळी उरलेलं मी खड्ड्यात रिचवलं, वर दोन किलो खडे मीठ टाकलं. आक्का उंबऱ्यात बसून ते पाणी खाली जाताना बघत होती.

"एवढ्यात मंदाची चार धुणी झाली असती," ती म्हणाली.

"मीटर पाहिजे का धुणी पाहिजेत?"

साहेब दहाच्या गाडीने आले. तीच छत्री, तीच पिशवी. यंत्र लावलं, मूठ फिरवली. काटा साडेचारावर थांबला. मग ते पुन्हा उकिडवे बसले, पुन्हा माती चिमटीत घेतली, पुन्हा हुंगली. बजरंग या वेळी रंधा टाकून अंगणातच येऊन उभा होता.

"मीठ," साहेब म्हणाले.

मी चपलेच्या टोकाने मिठाचा एक खडा मातीखाली सारला.

"पाइप किती फूट आहे, तोडकर?"

"आठ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते फक्त पाहत राहिले, शाळामास्तर ढ पोराकडे पाहतो तसे. मग अर्जावर 'मंजूर' लिहून शिक्का मारला.

"काट्याला मी खोटं म्हणू शकत नाही," ते म्हणाले. "आणि यांची मुलगी यायची आहे." मग माझ्याकडे पाठ फिरवून आक्काला म्हणाले, "बाई, तोडकरांना सांगून उपयोग नाही म्हणून तुम्हाला सांगतो. या खड्ड्यात रोज एक कळशी पाणी घालायचं. चांगलंच पाहिजे असं नाही. धुण्याचं, आंघोळीचं, तांदूळ धुतलेलं, कसलंही चालेल. पण रोज."

"रोज? किती दीस?" आक्काने विचारलं.

"घर आहे तोवर. काटा आज पाचाच्या आत आहे, एवढ्याने भागत नाही. ज्या दिवशी शॉक लागायचा त्या दिवशी तो आत पाहिजे. मी नियम असा वाचतो."

आता मात्र मला राहवेना. तिसऱ्या दिवशी टँकर येतो अशा गावात हा माणूस जमिनीला कळशी पाजायला सांगतो!

"का हो साहेब," मी म्हणालो, "खड्ड्याला काय तहान लागते?"

बजरंग खो खो हसला. कुंपणापलीकडच्या बायकाही हसल्या. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. साहेबांनी यंत्राच्या खुंट्या उपटल्या, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसल्या आणि पिशवीत ठेवल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असेल. ते आपले दुपारच्या गाडीने गेले.

"त्या येड्याचं ऐकू नको," मी आक्काला बजावलं. "पाणी जपून वापर."

आक्काने रिकामं बॅरल सावलीत लोटलं. ती तशी माझं ऐकते.

मीटर बसला. मंदा आली, आठव्या दिवशी बाळंत झाली, मुलगा झाला. वैशाख असा तापला की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. पंखा नुसता गरम वारा फिरवायचा. जावई कुठून तरी वापरलेला कूलर घेऊन आला. लोखंडी पत्र्याचा, गंजलेला, तीन बाजूंना वाळ्याच्या जाळ्या. मीच तो जोडून दिला. त्यात पाणी भरून सुरू केल्यावर बाळ पहिल्यांदा सलग दोन तास झोपलं. आक्काने मला लाडू दिला आणि मी पुन्हा एकदा हत्तुरेच्या नावाने चार शब्द काढून तो खाल्ला.

पाचवी झाली, बारसं झालं. ज्येष्ठ सरत आला तरी पावसाचा पत्ता नव्हता. एका दुपारी बजरंग निरोप घेऊन आला की आक्काच्या घरातला फ्यूज उडालाय.

मी गेलो. फ्यूजची तार जळून गेली होती. नवी घातली, बटण दाबलं, फट्! पुन्हा घातली, पुन्हा फट्. उकाड्याने बाळ किंचाळत होतं आणि आक्का पुठ्ठ्याने त्याला वारा घालत होती. अशा वेळी काय करायचं हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. तार दुहेरी करून पिळायची आणि घालायची. मग फ्यूज उडत नाही. मी तार पिळलीसुद्धा.

"मामा," मंदा म्हणाली, "झालं असं, मी न्हाऊन आले. बाळाला कडंवर घेतलं आन् कूलरची जाळी वाकडी झालीती ती सरळ कराया हात लावला. हाताला नुसती मुंगी चावल्यागत झालं आन् फट् करून समदंच बंद पडलं."

"हात वला होता?"

"व्हय की. केसांतलं पाणी बी गळत होतं."

मी पिळलेली तार खिशात टाकली. मीटरजवळचं मुख्य बटण बंद केलं आणि कूलरची मागची जाळी उपसली. मोटारीकडे जाणारी वायर पत्र्याच्या कडेवर घासून घासून सोलली होती आणि जाळी हलताच आतलं तांबं पत्र्याला चिकटलं होतं. सगळा कूलर, वरपासून खालपर्यंत, जिवंत झाला होता. ओल्या अंगाची बाळंतीण, कडेवर सव्वा महिन्याचं पोर, पायाखाली सांडलेलं पाणी. आणि नुसती मुंगी चावली.

मी कूलरच्या शेजारीच बसलो. हे असं होऊ शकत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चार फुटांचा पाइप, कोरडा मुरूम, काटा अठ्ठेचाळीसवर. त्या खड्ड्यातून वीज इतकी थोडी गेली असती की फ्यूज उडालाच नसता. पत्रा तसाच जिवंत राहिला असता आणि मंदाचा हात त्याला चिकटून राहिला असता.

मी उठून अंगणात गेलो. खड्ड्याचं झाकण काढलं. आत चिखल होता. कडेने हिरवंगार गवत माजलं होतं, दोन वर्षांत त्या अंगणात हिरवं असं तेवढंच.

आक्का दारात येऊन उभी राहिली.

"पाणी घालतीस?" मी विचारलं.

"रोज," ती म्हणाली. "बाळाच्या आंगुळीचं पाणी घमेल्यात धरती आन् आणून वतती. सायबानं सांगितलं व्हतं न्हवं."

"मला बोलली नाहीस."

"तू हसला असतास," आक्का म्हणाली. "म्या वीस वर्सं दवाखान्यात काढली, मुरल्या. हात धुवा म्हणून सांगणाऱ्या डॉक्टराला बी समदी हसायची. म्या तवा बी गुमान हात धुवायची."

मी वायर बदलली. फ्यूजला एकेरी तारच घातली. घरी आलो आणि पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या घरामागचा खड्डा उघडला. त्यात कोळीष्टकं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जिल्ह्याला गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बोलायचं काही नसेल तर त्यांच्यासमोर नुसतं उभं राहावं, असं काहीतरी मनात होतं. हत्तुरेंच्या खुर्चीवर गोल चेहऱ्याचे एक नवे साहेब चहा पीत होते.

"हत्तुरे?" शिपाई म्हणाला. "बदली झाली की त्यांची, परवाच गेले. लई लांब टाकलं बिचाऱ्यांना. कुणीतरी अर्ज केलता म्हणे. आमचे हेडक्लार्क म्हणत होते, काय सुंदर अक्षर होतं!"

गोल चेहऱ्याच्या साहेबांनी मला आत बोलावलं. मोठ्या आपुलकीने म्हणाले, "या तोडकर, तुमचं नाव ऐकून आहे. माझा त्रास व्हायचा नाही तुम्हाला. मी तारीख देऊनच येत असतो. आणि काय हो, सावधानतेच्या पाट्या मात्र पत्र्याच्या पाहिजेत बरं का, कागदी चालवून घेणार नाही."

त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. पंधरा वर्षांत मला इतका बेचव चहा कुणी पाजला नव्हता, पण तो साहेब तंतोतंत आमच्या लायकीचा होता. आम्हीच अर्ज करून मागून घेतला होता.

गावात आलो आणि सायकलच्या कॅरिअरला कुदळ, पहार बांधली. सुरुवात समोरून करायची ठरवली. बजरंग सुतार ओट्यावर रंधा मारत होता. आत त्याची बायको मोटर लावून हौदातलं टँकरचं पाणी टाकीत चढवत होती. लोखंडी मोटर, ओली फरशी, अनवाणी पाय.

"बजरंग," मी म्हणालो, "तुझ्या खड्ड्यातला पाइप चार फुटांचाच आहे. मी कापला होता. पुन्हा खणून पुरा घालून देतो. खडक लागला तरी फोडतो. तुला काही खर्च नाही. आणि तोवर रोज एक कळशी पाणी घाल त्यात."

त्याने रंधा थांबवला. माझ्याकडे पाहिलं, सायकलवरच्या पहारीकडे पाहिलं. मग त्याचं तोंड हळूहळू पसरलं.

"पर त्यो सायेब तर बदलून गेला न्हवं?" तो म्हणाला. "मग आता कुणाला दावायला खणताय?"

"कुणाला दाखवायला नाही."

"आन् पाणी कशापायी?" तो आता मोकळाच हसायला लागला. आत वळून बायकोला ओरडून म्हणाला, "अगं ऐकलंस का? तोडकर ठेकेदार काय म्हंत्यात बघ!" मग डोळे पुसत माझ्याकडे वळला. "का वो, खड्ड्याला काय तहान लागती?"

आत मोटर घरघरत होती. मी त्याच्या अंगणात उकिडवा बसलो, मीच रंगवलेलं तांबडं झाकण बाजूला सारलं आणि माती चिमटीत घेऊन हुंगली. तिला कसलाच वास नव्हता. कोरडी ठाक होती.